गाडीखालचा रविवार
परवा ताम्हिणीत ओढ्यातून थार काढली, म्हणून आज पार्किंगमध्ये सतरंजी टाकून खाली शिरलो. मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचा, आधी फिलर प्लग सैल केला (तोच जाम निघाला तर नवीन तेल ओतणार कुठून?), मग तेल सोडायचा ड्रेन प्लग. तेल चक्क दुधाळ चहाच्या रंगाचं! पाणी शिरलेलं. तापलेलं डिफरन्शियल गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जायच्या भोकातून) नाहीतर सीलमधून पाणी ओढते. नाना पेठेतून आणलेली नळी जोडून ब्रीदर उंचावर नेला. लोक हे सोडून आधी लाइटबार (दिव्यांची पट्टी) लावतात, दिसतो ना! तळमजल्यावरचे काका बराच वेळ वाकून बघत होते. शेवटी म्हणाले, "आमच्या ॲक्टिव्हाचंही ऑइल बदलून टाक की, हात खराब झालेच आहेत तुझे."