तुम्ही विचारलंत म्हणून: पिकअपची बॉडी उचलावी का?

आळेफाट्याला चहाला थांबलो तरी कुणीतरी गाडीभोवती एक फेरी मारतं. "बॉडी उचललीय ना? किती इंच? खर्च किती आला?" मी "नका करू" म्हणालो की ठरलेलं उत्तर येतं, "तुम्ही केलीत, आम्हाला नको म्हणता!"

हो, केली. चासी म्हणजे खालचा सांगाडा, त्याच्या आणि बॉडीच्या मध्ये गुटके घालून बॉडी दोन इंच वर घेतली. पावसाळ्यात टोमॅटोचे क्रेट भरून काळ्या चिखलातून बांधाची वाट काढायची, त्यासाठी मोठे टायर हवे होते, आणि ते मावायला जागा. पाटे, शॉकअप यांना हात लागत नाही, चाकांचे कोन बिघडत नाहीत, सस्पेन्शन उचलण्यापेक्षा स्वस्त पडतं, हे सगळं मी तेव्हा लोकांना ऐकवायचो. यातलं काहीच खोटं नाही. फक्त डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे मागच्या चाकांच्या मधला, चिखलात आधी टेकणारा भाग, बॉडी उचलून जिथे होता तिथेच राहतो, हे मी सांगत नसे. टायर २९ इंचांवरून ३१ वर नेला तेव्हा गोळा एक इंच वर आला. एकच. आणि मोठ्या टायरमुळे काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४ ने पळत असते.

एका दुपारचं काम म्हणे! लेथवर नायलॉनचे गुटके कापून घेतले, लांब बोल्ट आणले, केबिन आणि मागचा मालाचा हौदा दोन्ही उचलले. इथवर दुपारच होती. पण इंजिन, गिअरबॉक्स, टाकी राहिली चासीवर. तिथून बॉडीकडे जाणारं जे जे म्हणून आहे, ते सगळं दोन इंच तोकडं पडलं. रेडिएटर बॉडीबरोबर वर गेला, फॅन खालीच. पाती कव्हरला घासायला लागली. गिअरचा दांडा, हँडब्रेकची केबल, अर्थिंगच्या वायरी. बंपर चासीला, म्हणून त्याच्यावर हात जाईल एवढी फट. आठ दिवस गेले. स्टेअरिंगच्या रॉडला जोड मात्र मी समोर उभं राहून बसवून घेतला, दोनदा तपासला.

राहिला डिझेल भरायचा पाइप. त्याचं तोंड हौद्याला, बूड टाकीला. मिस्त्री म्हणाला, "रबर ताणून बसतंय. लांब मागवायचं तर चार दिवस. चालेल तसं." मला ते 'चालेल' फार गोड लागलं. ज्यानं माझा जीव गेला असता ते मी नीट करून घेतलं होतं.

दोन महिन्यांनी, जूनचा पहिला पाऊस. पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली. वास आला, पण पंपावर डिझेलचा वास येणारच. बाहेर पडून ओतूरच्या बाजूला वळलो आणि आरशात एक स्कूटर आडवी होताना दिसली. मी लगेच थांबलो नाही. शे-दीडशे मीटर पुढे जाऊन थांबलो, तेही आणखी दोघे धावताना दिसले म्हणून. परत चालत गेलो तेव्हा ओल्या डांबरावर तो रंगीत पट्टा दिसला. तो कुठून येतोय हे बघायला मी मागे वळलो, तर थेट माझ्या हौद्याखाली. रबर क्लिपमधून निम्मं निसटलं होतं; वळणावर टाकी हिंदकळली की डिझेल बाहेर.

नवरा-बायको होते. तिचं मनगट वाकडं झालेलं. तो मला, मलाच विचारत होता, "तेल कुणी सांडलं हो?"

मी म्हणालो, "पहिला पाऊस आहे, रस्ता असाच निसरडा असतो."

माझ्याच गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. पुढची सीट उंच, तिला एका हातानं चढता येईना. एक्स-रे होईपर्यंत गप्प बसलो, मग त्याला बाहेर नेऊन सांगितलं. तो काही बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मनगटात प्लेट बसवायचा खर्च मी दिला. पोलिसांकडे कुणी गेलं नाही, विमा कंपनीला मी बॉडी उचलल्याचं कधी कळवलंच नव्हतं. मिटवलं, असं गावात म्हणतात.

कायद्याचं विचाराल तर गाडीत असे बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तेव्हा मी म्हणायचो, सगळेच करतात. अजूनही म्हणतो, कारण गुटके अजून गाडीतच आहेत. पाइप दुसऱ्याच दिवशी बदलला. गुटके काढायचे तर टायर बदलायचे, रॉडचा जोड काढायचा, आणि त्या वाटेवरचा चिखल काही कमी झालेला नाही. बायको म्हणते, ही कारणं झाली. क्रेट चढवणारी पोरं तर रोज म्हणतात, मालक, हौदा खाली घ्या.

खर्च विचारलात ना. गुटक्यांचं बिल सापडत नाही. प्लेटचं आहे, गाडीच्या कागदांबरोबर ठेवलंय.