तीन पेट्यांचा वर्ग तिसवाडीहून फोंड्याला

गोव्यात एका जागेहून दुसऱ्या जागी वर्गखोली हलवायची म्हटलं की जो तो क्रेनचं भाडं विचारतो. आमच्या कामात क्रेन एक दिवस लागली. पेट्यांमधले सांधे सोडवायला चार दिवस गेले.

तिसवाडीत सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरच्या, कॅम्पसवरचा हा वर्ग तीन लोखंडी पेट्यांचा. एकेक पेटी ६ मीटर लांब, २.४ मीटर रुंद, वजन अडीच टन. रुंदी मुद्दाम तेवढीच, म्हणजे ट्रेलर २.६ मीटरच्या मर्यादेत राहतो. तिन्ही जोडल्या की ४३ चौरस मीटरची खोली होते.

पहिल्या उभारणीत सांध्यांत सिलिकॉन ठासून भरलेलं. ते कापताना भिंतीच्या पॅनेलचा रंग सोलला जातो आणि आपल्या खाऱ्या हवेत तिथूनच गंज धरतो. बोल्ट तर ग्राइंडरनेच उडवावे लागले. वायरिंगही तिन्ही पेट्यांतून सलग ओढलेलं, तेही कापलं. नव्या जागी सांध्यात ईपीडीएम (उन्हापावसात टिकणाऱ्या) रबराची पट्टी, वरून स्क्रूने बसणारी पत्र्याची टोपी, जस्त चढवलेले एम १६ (१६ मिमी जाडीचे) बोल्ट ग्रीस लावून, आणि दर पेटीला वेगळा जंक्शन बॉक्स. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर चाराचा एक दिवस झाला असता.

उचलताना पेटी क्रेनच्या हुकाला टांगणाऱ्या पट्ट्यांचा कोन बघा. चारपैकी दोनच पट्टे भार घेतात असं धरायचं. आडव्याशी ६० अंशांचा कोन असेल तर प्रत्येकावर साधारण दीड टन ताण येतो. ३० अंशांवर तोच अडीच टन, शिवाय पेटीची वरची चौकट आत दाबली जाते ती वेगळीच. वाटेतल्या बाणस्तारीच्या पुलाची चिंता नव्हती. आतल्या रस्त्यावर लोंबणाऱ्या केबल मात्र आदल्या दिवशी किती उंचीवर आहेत ते काठीने मोजून ठेवलं.

पायाला आठ चिऱ्याचे खांब, जमिनीपासून ४५० मिमी. सड्यावर वीतभर खाली जांभा लागतो, पण फोंड्याची जागा भरावाची निघाली. मुलांसकट मधल्या खांबावर साडेतीन टन येतात, म्हणून ६०० ऐवजी ७५० मिमी चौरस काँक्रीटची बैठक घातली. तरी एक कोपरा ८ मिमी बसला आणि दार अडकू लागलं. गवंडी दार रंधायला निघाला होता! आधी दोन्ही कर्ण मोजले, नळीने पाणसळ घेतली, खांबावरचा स्क्रू जॅक फिरवला, दार सुटलं.

हे सगळं मे महिन्यातच उरकायचं. पाऊस लागला की भरावात क्रेनचे पाय रुततात.

जूनमध्ये पाणी आलंच, पण सांध्यातून नव्हे. वरच्या उतरत्या छपराची वळचण ३०० मिमी होती, पागोळ्या वाऱ्याने पॅनेलच्या बुडाशी आपटत होत्या. ती ९०० मिमी केली.