'अँटिगनी'तले शब्द पाठ करताना

रविवार, रात्र

सोफोक्लीझचं 'अँटिगनी' हे प्राचीन शोकनाट्य मूळ ग्रीकमध्ये वाचायला घेतलं की पहिल्याच ओळीला गाडी अडते : 'ओ कोइनोन आउतादेल्फोन इस्मेनेस कारा'. कारा म्हणजे डोकं. 'इस्मेनेचं डोकं' ही अँटिगनीने बहिणीला मारलेली हाक आहे. शोकनाट्यात जिवाभावाच्या माणसाला असंच हाकारतात. आदेल्फोस म्हणजे शब्दशः आपला सहोदर. त्याच्याआधी 'आउतो' (स्वतः, तोच) लागला की नातं आणखी सख्खं.

हा 'आउतो' नुसता पाठ करून सोडू नये, तो नाटकभर पुरतो. ओळ 52 : आउतुर्गोस, स्वतःच्या हाताने केलेलं (अँटिगनीच्या बापाने, इडिपसने, स्वतःचे डोळे फोडले ते). 56 : आउतोक्तोनून्ते, एकमेकांना मारणारे दोघे सख्खे भाऊ. 821 : आउतोनोमोस, आपल्याच कायद्याने चालणारी (अँटिगनी). 875 : आउतोग्नोतोस, स्वतः ठरवलेला. सगळे पाठांतराच्या एकाच कार्डावर, ओळीच्या आकड्यासह. अकारविल्हे यादी केली तरी हे शेजारी येतील, पण कोण कोणाबद्दल बोलतंय ते त्यात उरत नाही, आणि शब्द विसरतो तो तिथेच.

कोशात शब्द सापडत नाही, त्याची कारणं ठरलेली. ओळ 13 मधलं 'एस्तेरेथेमेन' (आम्ही मुकलो) 'ए'खाली शोधाल तर हात हलवत परत याल. पुढचा ए भूतकाळाचा, अगच्छत् मधल्या अ सारखा; शेवटचं मेन म्हणजे 'आम्ही'. धातू 'स्तेरेओ'खाली. उपसर्ग असला तर हा ए उपसर्ग आणि धातूच्या मध्ये घुसतो, अन्वभवत् मध्ये होतं तसाच. शाळेतलं संस्कृत इथे फुकट जात नाही. द्विवचनसुद्धा आहे : ओळ 55 मधलं 'आदेल्फो' म्हणजे दोघे भाऊ.

कोरसची, म्हणजे नाटकातल्या गायकवृंदाची, गाणी वेगळंच प्रकरण. तिथे डोरिक या ग्रीक बोलीचं वळण, म्हणजे बऱ्याच ठिकाणी दीर्घ ए चा आ होतो. 'गे' (पृथ्वी) 338-39 मध्ये 'गान' होऊन येते, सोबत 'आफ्थितोन' : संस्कृत अक्षितचा सख्खा भाऊबंद. कोशात मात्र ए चंच रूप बघायचं. ओळ 332 मधलं 'कूदेन' हा तर सरळ संधी, काइ आणि ऊदेन. त्याच ओळीतला 'देइनोस' भीतीदायकही आणि थक्क करणाराही; आपल्या 'भयंकर हुशार'मधला भयंकर जवळचा वाटतो.

एका बैठकीत दहा-बारा ओळी पुरेत. कोश उघडला की शब्दापुढे पेन्सिलीने टिंब द्यायचं. तिसरं टिंब पडलं की कार्ड. एकदाच भेटणाऱ्या जोडशब्दांचे तुकडे पानाच्या समासात लिहून पुढे जावं. ते पाठ करत बसलं तर राजा क्रेऑन रंगमंचावर यायच्या आतच दम संपतो.