अडुसष्टाव्या पानावर

उन्हाळ्यात वाचायच्या पुस्तकांची यादी मी दरवर्षी करते, आणि ती करताना स्वतःबद्दल माझं फार चांगलं मत असतं. यादी करणारी बाई पहाटे उठणारी, दुपारी डोळा न लागणारी, फोनला हात न लावणारी. प्रत्यक्ष वाचायला बसते ती दुसरीच कुणीतरी. दोघींची अजून गाठ पडलेली नाही, नाहीतर यादी इतकी लांबली नसती.

यंदा पहिल्या बैठकीत चौदा पुस्तकं झाली. फ्रान्सिस बेकनच्या १५९७ सालच्या एका छोट्या निबंधात पुस्तकांची वर्गवारी आहे: काही नुसती चाखायची, काही गिळायची आणि थोडी चावून चावून पचवायची. ‘थोडी’ म्हणालाय तो. माझ्या यादीत चावायचीच अकरा निघाली.

मग छाटणी. आधी गेली ती कामाची पुस्तकं. चालू लेखनाला संदर्भ म्हणून लागणारं पुस्तक वाचणं म्हणजे किल्ल्या शोधण्यासारखं आहे. हवं ते सापडलं की घराकडे बघतं कोण? मग गेली ती ‘अजून वाचलं नाहीस?’ या प्रश्नाच्या धाकाने आलेली. एक पुस्तक मात्र नाइलाजाने काढलं. त्या लेखकाची भाषा इतकी लागट, की तो वाचत असले की दोन दिवसांत माझी पात्रं त्याच्यासारखी बोलायला लागतात. मागे एका कथेतली आजी अचानक अर्ध्यावर वाक्यं तोडायला लागली, तेव्हा मी आधी उशाशी कुठलं पुस्तक आहे ते पाहिलं. स्वतःचं लिखाण चालू असताना असल्या माणसाला घरात घेऊ नये. कवितासंग्रह मी यादीत घालतच नाही. ‘वाचून झाला’ अशी खूण त्याच्यापुढे करायची तरी कधी?

शेवटी उरली पाच, आणि त्यांच्या तळाशी, तीन वर्षांची बिऱ्हाडकरू, टॉलस्टॉयची ‘वॉर अँड पीस’.

हे पुस्तक मिटून वरच्या बाजूने पाहावं. सुरुवातीच्या पानांच्या कडा बोटांनी मळलेल्या, जराशा फुगलेल्या. तिथून पुढे एकदम कोऱ्या, करकरीत. कण्यावरच्या सुरकुत्याही तिथवरच. खूण म्हणून औषधाची पावती घातलेली आहे, तिच्यावरची अक्षरं उडून गेलीत. पान अडुसष्ट. अडुसष्टच पानं एवढी मळली, कारण ती मी तीनदा वाचली. वर्षभराने पुस्तक उघडावं तर नावं विसरलेली असतात. तिथे एकाच माणसाला स्वतःचं नाव, वडिलांच्या नावावरून आलेलं नाव, आडनाव आणि शिवाय लाडाचं नाव. नताशा आणि नताल्या इल्यीनिच्ना या दोन मुली नाहीत हे कळायला मला एक अख्खा उन्हाळा लागला. मग पुन्हा पान एक, पुन्हा १८०५ सालचा जुलै, पुन्हा आन्ना पाव्लोव्हनाचा दिवाणखाना. त्या दिवाणखान्यात मी आता पाहुणी राहिलेली नाही. कोण कुणाला टाळतंय हे मला यजमानीणबाईंच्या आधी कळतं.

यंदा हिशेब मांडला. कादंबरीत ३६१ प्रकरणं आहेत. बहुतेक सगळी आखूड, बसल्या बैठकीला दोन-तीन सहज होतील अशी. दोन महिने धरले तर रोज सहा. कागदावर अगदी सोपं दिसतं. पण बाकीची चार पुस्तकं? ती रात्री, असं मी त्यापुढे लिहिलं. रात्री म्हणजे नेमकं कधी, हे यादीवाल्या बाईने नेहमीप्रमाणे सांगितलेलं नाही.

तरी ती कादंबरी मी तळातून उचलून पहिल्या क्रमांकावर टाकली, आणि त्याचं कारण साहित्यिक नाही. अडुसष्टाव्या पानावर म्हातारा काउंट बेझुखोव अंथरुणाला खिळलेला आहे. आजचा की उद्याचा, अशी त्याची अवस्था. बाहेर नातेवाइकांची मृत्युपत्रावरून कुजबुज चाललेली, आणि कुठल्या दारातून आत जायचं हेही न कळणारा त्याचा मुलगा पिएर. तीन वर्षं त्या माणसाला मी असं घरघर लागलेल्या अवस्थेत ठेवलंय. आता सुटू दे बिचारा.

पावती काढून ठेवली. या खेपेला पान एकपासून नाही. नावं आठवली नाहीत तर नाहीत.