आमची वाटचाल: चपट्या किड्याने दुकानाला लावलेली शिस्त

आमच्या मत्स्यालयाच्या दुकानात आलेलं नवं कोरल (प्रवाळ) सहा आठवडे विकायला ठेवत नाही. गिऱ्हाईक समोर उभं असतं, कोरल छान फुललेलं दिसत असतं, तरी नाही. सुरुवातीला हा नियम नव्हता. तो कसा आला हे सांगितलं की या धंद्यातली आमची बरीचशी वाटचाल सांगून होते, कारण दुकानाची मांडणी, मीठ पाण्यात विरघळवायचे ड्रम, घरी जाऊन देण्याची सेवा, सगळं कोरलसोबत येणाऱ्या चपट्या किड्यांभोवतीच आकाराला आलं.

सुरुवात गोड्या पाण्याच्या टँकांनी झाली. समुद्री टँक पुढे आले, आणि त्यांच्यासोबत मशरूम, झोअँथस, लेदर अशी मऊ कोरलं. नाशिकला हा माल मुंबई विमानतळावरून थर्माकोलच्या खोक्यात, कसारा घाट चढून येतो. थंडीच्या दिवसांत पिशवीतलं पाणी वाटेतच गार पडतं. म्हणून पहिली काही वर्षं आमचं सगळं लक्ष पिशवी टँकमध्ये तरंगवून तापमान जुळवण्याकडे आणि खारटपणा हळूहळू जुळवण्याकडे होतं. कोरल फुललं म्हणजे काम झालं, अशी समजूत. कोरल ज्या छोट्या बैठकीवर चिकटवलेलं येतं त्या प्लगच्या खालच्या बाजूला काय चिकटलंय, ते उलटं करून पाहायची सवय तेव्हा नव्हती.

घरच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरलच्या समुद्री टँकमध्ये, तीन वेगवेगळे प्राणी ‘फ्लॅटवर्म’ या एकाच नावाने ओळखले जातात आणि तिघांचे उपाय वेगळे आहेत. निम्मा घोळ इथेच होतो.

पहिला तांबूस, गंजाच्या रंगाचा, ‘रेड प्लॅनेरिया’. शास्त्रीय नाव कॉन्व्होल्युट्रिलोबा. लांबी जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर, मागच्या टोकाला फाटा. प्लॅनेरिया म्हणतात, पण तो खरा प्लॅनेरिया नाही. हा एसील गटातला प्राणी आहे, आणि १९९९ पासूनच्या जनुकीय अभ्यासांनी हा गट खऱ्या चपट्या कृमींपासून वेगळा काढला आहे. त्याच्या अंगात शैवाल असतं, त्यामुळे तो उजेडात, संथ पाण्यात पसरतो: वाळूवर, काचेच्या खालच्या कोपऱ्यात, दगडाच्या आडोशाला. तो कोरल खात नाही. कोरलवर गोधडीसारखा पसरून त्याचा उजेड अडवतो. शिवाय वाढायला त्याला अंडी लागत नाहीत. अंगाला कोंब फुटतात किंवा अंग दुभंगतं, आणि एकाचे दोन होतात. म्हणून दगडाखाली चार शिल्लक राहिले तरी महिन्या-दोन महिन्यांत वाळू पुन्हा तांबडी दिसते.

दुसरा वॅमिनोआ, तोही एसील. मशरूम, लेदर, बबल कोरल यांच्या अंगावर तपकिरी टिकल्यांसारखा चिकटून बसतो, मागच्या कडेला छोटी खाच. कोरलवरचा चिकट स्राव आणि पाण्यातलं बारीक प्लवक खातो, म्हणजे कोरलच्याच ताटातलं. याला अंडी असतात.

तिसरा खरा चपटा कृमी आहे आणि सगळ्यांत वाईट: ॲक्रोपोरा हे फांद्यांचं कडक कोरल खाणारा. २०११ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं, आज तो प्रोस्थिओस्टोमम ॲक्रोपोरी या नावाने ओळखला जातो. जवळपास पारदर्शक असतो आणि ज्या कोरलवर बसतो त्याचाच रंग पोटात भरून घेतो, त्यामुळे डोळ्यांना दिसतच नाही. दिसतात ते त्याचे गोल, फिकट चावे आणि फांदीच्या बुडाशी उघड्या सांगाड्यावर घातलेल्या अंड्यांचे तपकिरी-सोनेरी पुंजके. कोरलचा रंग कारण नसताना उडायला लागला आणि पाण्याच्या चाचण्या ठीक असल्या, तर दहापट भिंगाने बूड तपासा.

आमचा दुसरा टप्पा कोरल आल्या दिवशी त्याला डिप, म्हणजे औषधी पाण्यात बुडी, देण्याचा. पांढरे प्लास्टिकचे तीन टब. पांढरेच, कारण गळालेला किडा पांढऱ्यावर दिसतो. पहिल्या टबमध्ये टँकचंच पाणी आणि लिटरला ५ टक्के ल्युगॉल आयोडीनचे ८ ते १० थेंब. रंग फिक्या कोऱ्या चहासारखा यायला हवा. कोरल १० मिनिटं त्यात ठेवून दर दोन मिनिटांनी रबरी फुग्याच्या पिचकारीने सगळ्या बाजूंनी जोरात पाणी मारायचं. खरं काम पिचकारीच करते, आयोडीनने किड्याची पकड तेवढी ढिली होते. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या टबमध्ये स्वच्छ खारं पाणी, खळबळून बाहेर. टबातलं पाणी पुन्हा टँकमध्ये कधीच नाही. डिसेंबर-जानेवारीत नाशिकमध्ये दोन लिटरचा टब दहा मिनिटांत गार होतो, म्हणून टब टँकच्या पाण्यातच तरंगत ठेवतो. झेनियासारखं नाजूक कोरल आम्ही आयोडीनमध्ये घालत नाही, त्याला नुसती पिचकारी.

झोअँथस हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असतं. किडे मारायला म्हणून असा दगड उकळणं किंवा गरम पाण्याने घासणं जिवावर बेतू शकतं, कारण वाफेसोबत विष श्वासात जातं. हे आम्ही बिलावरच लिहून देतो.

डिप सुरू केला तरी तीन आठवड्यांनी किडे परत दिसायचे. कारण साधं आहे. डिपने मोठा किडा गळतो, अंडं मरत नाही. द्राक्षबागेत काम केलेल्या गिऱ्हाइकाला हे एका वाक्यात समजतं: पिठ्या ढेकणावर एकदा फवारून बाग सुटत नाही, अंड्यातून निघालेल्या पिलांसाठी दुसरी फवारणी धरावीच लागते. टँकच्या तापमानाला ही अंडी साधारण दोन ते तीन आठवड्यांत फुटतात. तेव्हा डिप एकदा नाही, दर सात दिवसांनी द्यायचा, म्हणजे नवं पिल्लू मोठं होऊन अंडी घालायच्या आत गळतं. त्यासोबत प्लगही बदलायचा. कोरल ज्या प्लगवर आलं तो फेकून द्यायचा, बुडाचा मेलेला भाग कटरने कापायचा, नव्या प्लगवर जेल सुपरग्लूने चिकटवायचं. अंडी बहुतेक त्या फेकलेल्या भागावरच असतात.

सहा आठवड्यांचा हिशोब यातूनच आला. त्यासाठी दुकानाच्या मागच्या खोलीत वेगळे टँक लावले. प्रत्येकी ६० बाय ३० बाय ३६ सेंटिमीटर, पाणी सुमारे ५५ लिटर. तळ उघडा, वाळू नाही, दगड नाही, कारण लपायला जागा दिली की तपासणी फसते. स्पंज फिल्टर, छोटा वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप), १०० वॅटचा हीटर, कोरल ठेवायला पांढरी जाळी, दर आठवड्याला २० टक्के पाणी बदल. तापमान २५ ते २६ अंश, खारटपणा १.०२५ (विशिष्ट गुरुत्व). एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चाळिशीला टेकतो तेव्हा या खोलीला एसी लागतो, तो खर्च आम्ही कोरलच्या किमतीत धरतो. घरी कोरल ठेवणाऱ्यांनाही असा एक टँक ठेवायला आम्ही आग्रहाने सांगतो. मोठ्या टँकवरच्या एका उपचाराच्या खर्चात तो उभा राहतो.

आता ज्यांच्या टँकमध्ये लाल किडा आधीच पसरलाय त्यांच्याबद्दल. घरी जाऊन करायच्या आमच्या कामात हेच सगळ्यांत जास्त, आणि चुकतं तेही इथेच. औषध आहे, सॅलिफर्टचं फ्लॅटवर्म एक्झिट आम्ही वापरतो, आणि किडे त्याने मरतात. मासे दगावतात ते औषधाने नाही, मेलेल्या किड्यांतून सुटणाऱ्या विषाने. हजारो किडे एकाच तासात मेले की पाणी तपकिरी होतं, मासे वर येऊन धापा टाकतात. म्हणून औषधाची बाटली शेवटी उघडायची.

आधी पाच-सहा दिवस रोज सायफन. ४ ते ६ मिलिमीटर आतल्या व्यासाची एअरलाइनची नळी, तिचं दुसरं टोक सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) टांगलेल्या १०० मायक्रॉनच्या गाळणीच्या मोज्यात. किडे मोज्यात अडकतात आणि पाणी सम्पमध्येच राहतं. मोजा रोज बाहेर काढून गोड्या पाण्यात धुवायचा. काचेवर, वाळूवर दिसणारे बहुतेक किडे हातानेच काढले की पुढचा धोका खूप कमी होतो. एवढं केल्यावर औषध हवंच का, असंही आम्ही विचारतो. थोडेच असतील तर सायफन, प्रवाह वाढवणं आणि खाद्य कमी करणं यानेही ते आटोक्यात राहतात.

औषध द्यायचं तर आधी खरं पाणी किती ते मोजायचं. टँकवर लिहिलेली लिटरची संख्या नाही. १२० बाय ४५ सेंटिमीटरच्या टँकमध्ये पाण्याची उंची ४५ असेल तर २४३ लिटर. सम्पमध्ये ७५ बाय ३५ बाय २५ म्हणजे आणखी ६५. बेरीज ३०८, त्यातून दगड-वाळूचे दहा टक्के वजा, म्हणजे सुमारे २८० लिटर. थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, या २८० वर.

त्याआधी ८० लिटरचे दोन ड्रम खारं पाणी तयार हवं. दर ड्रमला साधारण २.९ किलो समुद्री मीठ, आरओ-डीआय फिल्टरचं शून्य टीडीएस (विरघळलेले क्षार नसलेलं) पाणी, पंप लावून चोवीस तास फिरवलेलं. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी क्लोरिनवालं असतं आणि आपल्या काळ्या दगडातलं बोअरचं पाणी जड, दोन्ही थेट चालत नाहीत. घरगुती मेम्ब्रेनमधून थंडीत पाणी फार सावकाश उतरतं, त्यामुळे दोन-तीन दिवस आधी सुरुवात. सोबत ३०० ग्रॅमचे ॲक्टिव्हेटेड कार्बनचे दोन पुडे, आरओच्या पाण्याने धुऊन तयार.

औषध सकाळीच, म्हणजे दिवसभर कोणीतरी पाहायला घरी असेल. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), कार्बन, यूव्ही दिवा बंद. पंप आणि हवेचे बुडबुडे सोडणारा दगड जोरात चालू. २० ते ४५ मिनिटांत किडे आखडून सुटायला लागतात. सुटतील तसे सायफनने काढत राहायचं. पाऊण-एक तासाने, किंवा मासे धापा टाकू लागले तर त्याच क्षणी, पहिला कार्बन आणि स्किमर सुरू, आणि पहिल्या ड्रममधल्या पाण्याने पाणी बदल. दुसरा पुडा चोवीस तासांनी, दुसरा ड्रमही तेव्हाच. वीज गेली तर हवेसाठी बॅटरीवरचा एअर पंप जवळ असावा. सात ते दहा दिवसांनी हे सगळं पुन्हा, कारण दगडाच्या पोटात काही वाचतातच. दुसऱ्या वेळी एकही सुटला नाही तरच थांबायचं.

मासे सोडून हा प्रश्न सुटेल असं बऱ्याच जणांना वाटतं. सहा पट्ट्यांचा रास (इंग्रजीत wrasse) हा मासा लाल किडे खातो, रासवाले सगळे टँक मात्र किडेमुक्त नसतात. एखादा मासा तोंडही लावत नाही. निळी मखमली समुद्री गोगलगाय केलिडोन्युरा फक्त हेच किडे खाते आणि ते संपले की उपाशी मरते, शिवाय पंपात अडकते. ती आम्ही मागवत नाही. ॲक्रोपोराच्या किड्यावर रास आणि पेपरमिंट झिंगा यांची मदत होते, पण भरवसा फक्त एकाच गोष्टीचा: सगळा ॲक्रोपोरा बाहेर काढून डिपच्या चक्रात घालायचा आणि मुख्य टँक सहा ते आठ आठवडे ॲक्रोपोराविना ठेवायचा. हा किडा दुसरं काही खात नाही.

नाशिकमध्ये एक प्रश्न हमखास येतो, द्राक्षाच्या शेडमधलं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक डिपला चालेल का. परदेशात काही हौशी लोक एक बागकामाचं कीटकनाशक वापरतात, त्यावरून हे आलंय. आमचं उत्तर नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या १७.८ टक्के एसएलची (पाण्यात मिसळणाऱ्या द्रावणाची) तीव्रता आणि त्यातले विद्रावक वेगळे, त्यामुळे तिकडचं प्रमाण इकडे लागू होत नाही. नीट न धुतलेल्या कोरलवरचा अंश झिंगे आणि खेकडे मारायला पुरतो. फवारणीची बादली टँकजवळ कधीच नको, धुऊन घेतलेलीसुद्धा.

आणि कोकणातून ‘सापडलेला’ दगड किंवा कोरल आम्ही घेत नाही, डिपसुद्धा देत नाही. रीफ बांधणारी कोरलं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहेत, आणि कडक कोरलांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइटिस या वन्यजीव-व्यापार कराराच्या परवान्याशिवाय होत नाही. कागद नसलेलं कोरल दुकानाच्या दारातच थांबतं.

सध्या मागच्या खोलीत प्रत्येक टँकची जाळी, पिचकारी आणि चिमटा वेगळ्या रंगाचा आहे. वापरून झालं की गोड्या पाण्यात बुडवून चोवीस तास कोरडं ठेवतो, कारण ओल्या जाळीवरून किडा शेजारच्या टँकमध्ये सहज जातो. प्रत्येक प्लगशेजारी आल्याची तारीख आणि सहा डिपच्या सहा चौकटी असलेली चिठ्ठी असते. चिठ्ठी बिलासोबत गिऱ्हाइकाला देतो. सहावी चौकट रिकामी असेल तर बिल होत नाही.