'कल'चा माल

नाशिकच्या अंबडमधल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशिनने पत्रा दाबून-कापून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मी अकरा वर्षं शिफ्ट सांभाळतेय. माझ्याकडे बिहारमधल्या सिवान-छपऱ्याचे ऑपरेटर आहेत, साक्रीकडची अहिराणी बोलणारी पोरं आहेत आणि पेठ-सुरगाण्याची, कोकणा आदिवासींची बोली बोलणारी मुलं-मुली. शॉपमध्ये सगळे हिंदी बोलतात, घरी कुणीच नाही.

दोन वर्षांपूर्वी शिफ्ट सोडताना मी म्हणाले, "कल का माल रोक के रखना." आदल्या दिवशीच्या लॉटला बर होता, म्हणजे कापलेल्या कडेला धारदार कंगोरा राहिला होता. मराठीत काल वेगळा, उद्या वेगळा. हिंदीत दोन्ही 'कल'. ऑपरेटरने उद्याचा माल थांबवला आणि बर असलेला लॉट गाडीत चढला. तीन दिवसांनी तो परत आला, आणि मेमो मिळाला ऑपरेटरला. चूक माझ्या वाक्यात होती हे मी साहेबांना सांगितलं, पण तोवर सही झाली होती. तो कागद त्याच्या फाइलला अजून आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं.

तेव्हापासून मी वार सांगते: "मंगलवार का, लाल टॅगवाला." आणि "समझे?" असं विचारत नाही, कारण त्यावर "हाँ मॅडम"च येतं. "अब क्या करेंगे, बताइए," असं विचारते.

हे 'बताइए'ही उशिराच शिकले. आपल्या तोंडी 'तुम्ही'चं 'तुम' होतं, आणि आपल्याला वाटतं मान दिला. पन्नाशीच्या सिवानच्या वेल्डरला मी कित्येक वर्षं 'तुम' म्हणत होते. त्यांच्याकडे वडीलधाऱ्याला 'आप'च म्हणतात. ते कधी बोलले नाहीत, एका सहकाऱ्याने सांगितलं. 'आप' म्हणायला लागल्यावर महिन्याभरात ते स्वतःहून आले: तीन नंबरच्या प्रेसचा क्लच उशिरा सुटतोय. असलं काही त्यांनी आधी मला कधीच सांगितलं नव्हतं.

2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाचं कलम 108 सांगायचं की सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत लावाव्यात. त्यातला 'बहुसंख्य' हा शब्द मला पटत नाही. प्रेसखाली हात कुणाचाही जाऊ शकतो.

म्हणून गेल्या सोमवारी पेठच्या मुलीला मी सूचना तिच्या बोलीत सांगायला लावली: हात बाहेर आल्याशिवाय पेडल दाबायचं नाही. ती आधी लाजली, मग खणखणीत बोलली. तिच्याकडची दोन पोरं आहेत, कधी तोंड न उघडणारी. त्यातल्या एकाने विचारलं, एका प्रेसवर आम्ही दोघं असलो तर पेडल कुणी दाबायचं?