ट्रकच्या केबिनमधून पाहिलेला चौक

नव्या सायकल ट्रॅकची शेवटची पाहणी होती. फिरून यायचं, सही करायची आणि रस्ता खुला. ड्रॉइंग माझंच. दोन मीटर रुंद ट्रॅक, वाहनांपासून वेगळं करणारा कठडा आणि उभ्या गाडीचं दार अचानक उघडलं तरी सायकलवाल्याला लागू नये म्हणून मध्ये सोडलेली मोकळी पट्टी. त्या पट्टीसाठी मी बैठकांमध्ये अक्षरशः भांडले होते.

पाहणीला मी एका काकांना बोलावलं होतं. पायांत बळ नसल्यानं ते हातानं फिरवायची तीनचाकी चालवतात आणि रोज याच रस्त्यानं कामाला जातात.

पहिला अडथळा ट्रॅकच्या तोंडाशीच आला. मोटारसायकली घुसू नयेत म्हणून तिथे खांब रोवलेले. माझी सायकल सहज आत गेली, काका मात्र बाहेरच थांबले. टेप लावली. खांबांमधली फट ७५ सेंटिमीटर, तीनचाकी ८२.

"राहू द्या मॅडम, मी बाहेरून येतो. सवय आहे," म्हणत त्यांनी तीनचाकी गाड्यांच्या गर्दीत घातलीसुद्धा.

तीनचाकी जाईल एवढी फट ठेवली की मोटारसायकलही जाते, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी ज्याला ट्रॅकची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच बाहेर ठेवायचं? मोटारसायकलवाल्याला माणूस उभा करून अडवता येतं, दंड करता येतो.

पुढे एका गटाराच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनंच बसवलेल्या दिसल्या. सायकलचं चाक त्यात अलगद उतरलं असतं. जाळी आडवी फिरवायची, अशी नोंद केली आणि पुढे निघालो.

मग चौक आला. सिग्नल हिरवा झाला. आम्हाला सरळ जायचं होतं, शेजारच्या ट्रकला डावीकडे. त्यालाही तोच हिरवा. ट्रक वळायला लागला आणि काका त्याच्या डाव्या अंगाला होते. मी ओरडले, ट्रकच्या फळीवर तळहातानं जोरजोरात थापा मारल्या. ब्रेक लागला तेव्हा पुढचं चाक तीनचाकीपासून हातभर अंतरावर होतं.

लोक ड्रायव्हरवर धावले. तो खाली उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. "दिसलेच नाहीत हो," एवढंच तो म्हणत होता.

मी म्हटलं, "दादा, मला जरा वर बसू द्या." काकांना आहेत तिथेच थांबायची विनंती केली आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. समोर चौक, लांबचा सिग्नल, पलीकडचे लोक, सगळं स्वच्छ दिसत होतं. डावीकडच्या आरशात ट्रकची कड आणि मागचा रस्ता. काका कुठेच नव्हते. मान ताणून पाहिलं, सीटवरून अर्धी उठले, तरी नाही. दोन हात अंतरावर बसलेला माणूस माझ्या दृष्टीनं अस्तित्वातच नव्हता.

कुणीतरी सुचवलं, तीनचाकीला उंच काठीवर झेंडा लावा. मला ते पटलं नाही. चौक आम्ही बांधायचा आणि त्यातून जिवंत बाहेर पडायची जबाबदारी काकांनी घ्यायची?

चूक ड्रॉइंगमध्ये होती. मोठी वाहनं आरामात वळावीत म्हणून कोपऱ्याच्या गोलाईची त्रिज्या मी १२ मीटर दिली होती. आरामात वळणं म्हणजे वेग कमी न करता वळणं. सिग्नल दोघांना एकाच वेळी, थांबायची रेषाही एकच. सबंध रस्ताभर जपलेला माणूस मी नेमक्या वळणावर उघडा सोडला होता.

सही केली नाही. खांब त्याच आठवड्यात काढले. चौकाचं ड्रॉइंग नव्यानं केलं. कोपऱ्याची त्रिज्या ५ मीटर, लांब वाहनाची मागची चाकं चढू शकतील असा बुटका उंचवटा आणि सायकलींनी रस्ता ओलांडायची जागा कोपऱ्यापासून एका गाडीच्या लांबीइतकी बाजूच्या रस्त्यात आत. त्यामुळे वळणारं वाहन सायकलींपर्यंत पोचतं तेव्हा जवळजवळ काटकोनात वळलेलं असतं आणि सायकलवाला आरशात नाही, समोरच्या काचेत दिसतो. सायकलींची थांबायची रेषा ट्रकच्या पुढे नेली. हिरवा त्यांना चार सेकंद आधी मागितला होता. वाहतूक तुंबेल म्हणून तीनच मिळाले. चौथ्यासाठी अजून पत्रव्यवहार चालू आहे.

बांधकामाआधी एका पहाटे शंकू आणि वाळूच्या पिशव्या मांडून चाचणी घेतली. काका आले होते. मी पुन्हा ट्रकच्या केबिनमध्ये, या वेळी ड्रायव्हरच्या शेजारी. ट्रक सावकाश वळला, थांबला. समोरच्या काचेत आधी काकांची टोपी दिसली, मग चेहरा, मग दांडा फिरवणारे दोन्ही हात.

ड्रायव्हर म्हणाला, "दिसले."